कोयता न पोचणारी जागा

कोकणातल्या कुठल्याही जुन्या हापूसच्या बागेत जा, एखाद्या कलमाखाली उभं राहा आणि मान वर करा. मोहोर, पालवी राहू द्या बाजूला. खोडापासून फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यांकडे बघा. वीत-दीड वीत लांबीचे काळे पडलेले खुंट तिथे दिसतील. कधीकाळी कुणी फांदी तोडली, तिचं बूड तिथेच राहिलं. साल केव्हाच गळून गेलेली, टोकाला भेगा, भेगांतून मुंग्यांची ये-जा. खुंट फार जुना असेल तर तोही उरलेला नसतो, त्याच्या जागी ढोली असते. बाग घरच्यांनी जिवापाड सांभाळलेली असो नाहीतर वर्षानुवर्षं कराराने दिलेली, खुंट दोन्हीकडे सापडतात. मला ते आता इतके दिसतात की कुणाच्या बागेत सहज पाय ठेवला तरी नजर आधी तिकडेच जाते. मला बोलायचंय ते छाटणीच्या बॅटरीवरच्या करवतीबद्दल, पण सुरुवात या खुंटांपासूनच करावी लागते.

आळशीपणामुळे खुंट राहतो असं म्हणणं गड्यांवर अन्याय करणारं आहे. तो राहतो कोयत्यामुळे. कोयता चालवायचा तर हात घुमायला जागा लागते. माणूस झाडावर चढलेला, एक हात आधाराला गुंतलेला, पाय बेचक्यात. घाव निसटला तर शेजारच्या चांगल्या फांदीत किंवा स्वतःच्या नडगीत बसायचा, म्हणून तो आपसूक हातभर बाहेर तोडतो. फांदी जिथे खोडाला मिळते त्या आतल्या जागेत कोयता फिरतच नाही. आणि आमच्याकडे हा हात घडला तो कवळतोडीत. भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे रोपं करायची जमीन, भाजायचा म्हणून ऐन-किंजळ या रानझाडांचं कवळ, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, तोडायचं, ते वाळवायचं, भाजावळीला वापरायचं. ऐन हे सगळं सोसतो. त्याला बोडका केला तरी पावसात पुन्हा पालवतो. तोच कोयता घेऊन तोच माणूस मग आंब्यावर चढतो. पालवतो आंबाही, पण त्याच्या खुंटावर भिरूड टपलेला असतो.

भिरूड म्हणजे खोडकिडा. लांब मिशांचा, राखी रंगाचा, दोन इंचांपर्यंत वाढणारा भुंगेरा. मादी सालीच्या फटीत, जखमेच्या कडेला अंडी घालते. त्यातून निघालेली अळी लाकूड पोखरत आत शिरते आणि कित्येक महिने आतच राहते. बाहेरून कळतं ते भोकातून पडणाऱ्या भुशावरून. सकाळी झाडाच्या बुंध्याशी ओलसर, दोरीसारखा वळलेला भुसा दिसला की आमचे मामंजी सायकलच्या तारेचा आकडा करून भोकात घालायचे आणि अळी ओढून बाहेर काढायचे. बोटभर जाड, पिवळट पांढरी, डोक्याशी काळा जबडा. अळी निघाली की समाधान व्हायचं खरं, पण ती आत शिरली कुठून हा प्रश्न कुणी विचारत नसे.

या प्रश्नाचं उत्तर आमच्या बागेत वादळाने दाखवलं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि दापोली, मंडणगड तालुक्यांतल्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. नारळ, पोफळी, आंबा, काहीच सुटलं नाही. मुळासकट उपटलेल्या झाडांचं काही करता येण्यासारखं नव्हतं, तो वाराच तसा होता. पण जी कलमं मधेच मोडली होती, ती मी एकेक जाऊन बघितली. कित्येकांचं लाकूड मोडल्या जागी तपकिरी, बोटाने उकरलं तर भुगा होणारं. ती तपकिरी रेघ वर-खाली शोधत गेलं की ती एखाद्या जुन्या खुंटापाशी पोचायची. सगळ्याच झाडांत असं होतं असं मी म्हणणार नाही. पण जिथे होतं तिथे शंकेला जागा नव्हती. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची तोड, आणि तिथून आत उतरलेली कुज.

पुढे वाचनात ॲलेक्स शायगो हे नाव आलं. हे अमेरिकेच्या वनखात्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ. 1959 साली ते नोकरीला लागले, तेव्हा एका माणसाला पेलेल अशी पेट्रोलची चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, हाताशी आलेली होती. लाकडातली कुज बघायची तर आधीचे लोक खोडाच्या आडव्या चकत्या पाडत. शायगोंनी झाडं उभी चिरली. हजारो झाडं चिरून त्यांनी बघितलं की कुज वाटेल तशी पसरत नाही. झाड तिच्याभोवती भिंती घालतं, तिला कोंडतं, आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जातं. अशीच एक भिंत फांदीच्या बुडाशी असते. कुठलीही फांदी नीट बघा: खोडाला मिळते तिथे तिच्याभोवती किंचित सुजल्यासारखं कडं असतं आणि वरच्या बाजूला बेचक्यात सालीची सुरकुतलेली उभार रेघ. कापायचं ते या कड्याच्या लगेच बाहेर. खुंट ठेवला तर कड्याला तो गिळून वर साल चढवता येत नाही. आणि खोडाशी अगदी सपाट, दिसायला छान असं कापलं तर कडंच निघून जातं, म्हणजे झाडाची भिंतच आपण फोडून टाकतो. दुसरा प्रकार पुण्या-मुंबईकडच्या सोसायट्यांच्या आवारात खूप बघायला मिळतो.

हे समजलं म्हणजे मग प्रश्न हत्याराचा. अंगठ्याएवढ्या, मनगटाएवढ्या फांदीला घडीची हातकरवत पुरते, आणि ज्याच्याकडे दहा-पंधरा झाडं आहेत त्याने हातकरवतीवरच राहावं असं माझं मत आहे. तिचे दात ओढताना कापतात, कड्याच्या बाहेरची रेघ बरोबर धरता येते. पण पोटरीएवढी फांदी, तीही खांद्याच्या उंचीवर, आणि अशा फांद्या बागभर, हे काम हातकरवतीने करताना दंड भरून येतात. दंड भरले की माणूस सोईच्या जागी कापतो. सोईची जागा म्हणजे पुन्हा हातभर बाहेर.

पेट्रोलची चेनसॉ आमच्या गावात वादळाबरोबरच आली. रस्त्यावर पडलेली झाडं तिच्याशिवाय हटलीच नसती. आडव्या झाडासाठी तिच्यासारखं हत्यार नाही, पण उभ्या झाडाच्या छाटणीला ती मला कधीच पटली नाही. वजन हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे तिचं इंजिन. एकदा दोरी ओढून चालू केलं की ते धडधडत राहतं, दोन फांद्यांच्या मधेही. छाटणीचं खरं काम त्या मधल्या वेळातच असतं. झाडाला फेरी मारायची, कुठल्या दोन फांद्या एकमेकींना घासताहेत, मधोमध ऊन कुठून येईल, ही कापली तर वरची उघडी पडून उन्हाने भाजेल का, हे बघायचं. कानाशी इंजिन ओरडत असताना हे होत नाही. हात म्हणतो, चालू आहे तोवर कापून टाक.

बॅटरीच्या करवतीने नेमकं इथे मोठं काम केलं. बटण दाबलं की साखळी फिरते, सोडलं की थांबते, आणि मग बागेत पुन्हा फक्त पाखरांचा आवाज. खाली उभा माणूस सांगतो ते वरच्याला ऐकू येतं. पाच मिनिटं नुसतं बघत बसलं तरी काही जळत नाही. आकड्यांत मांडलं तर बॅटरी फारच लहान वाटते: 18 व्होल्ट, 5 अँपिअर-तासाच्या पॅकमध्ये 90 वॅट-तास ऊर्जा, म्हणजे विजेच्या एका युनिटचा अकरावा हिस्सा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटं असतात. शंभर पटीचा फरक. पण पेट्रोलची बरीचशी ऊर्जा उष्णतेत आणि नुसतं धडधडण्यात जाते. बॅटरीतली वीज मात्र फक्त कापताना खर्च होते. छाटणीत कापण्याचे क्षण मुळातच थोडे असतात. दोन पॅक असले, एक घरात चार्जिंगला आणि एक हाताशी, की बागेचं काम अडत नाही.

योगायोग असा की जर्मनीतल्या आंद्रेआस स्टिल यांनी 1926 साली काढलेली साखळी-करवत विजेवरचीच होती. पेट्रोलवरची त्यांनी 1929 साली आणली, कारण जंगलात वायर कुठून नेणार? वायर सुटायला लिथियम-आयन बॅटरी यावी लागली. ती बाजारात 1991 साली आली, आणि अशा हत्यारांना पुरेल इतकी ताकद तिच्यात यायला आणखी बरीच वर्षं गेली. ज्यांच्या कामावर ती उभी आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोबाइलसाठी त्यांचे आभार सगळेच मानतात. मी कलमांसाठी मानते.

आता एक फांदी. आमच्या विहिरीकडच्या कलमाला दक्षिणेला एक फांदी होती, मांडीपेक्षा थोडी बारीक, आतल्या बाजूला वळून दुसऱ्या चांगल्या फांदीवर रेललेली. पहिला काप खालून, खोडापासून हातभर अंतरावर, जाडीच्या एक तृतीयांश खोल. साखळी खालून वर जाताना भुसा तोंडावर येतो म्हणून चष्मा हवाच. ओल्या आंब्याचा भुसा पिवळसर, चिकट, कच्च्या कैरीसारख्या वासाचा असतो. दुसरा काप वरून, पहिल्याच्या चार बोटं बाहेर. अर्ध्यावर आला की फांदी कुरकुरते, टोक झुकतं, आणि दोन कापांच्या मधे मोडून ती सरळ खाली जाते. पहिला काप नसता तर याच क्षणी तिने खालची साल ओढत थेट खोडापर्यंत सोलून नेली असती. कोयत्याने तोडलेल्या मोठ्या फांद्यांखाली अशा लांब सोललेल्या जखमा सर्रास दिसतात. आता राहिला हातभर खुंट, त्याला वजन नाही, घाई नाही. तिसरा काप कड्याच्या लगेच बाहेर, वरची उभार रेघ वाचवून, तिरका. साखळी जिच्याभोवती फिरते ती सहा इंची पट्टी बेचक्यात शिरते, आणि तीच कोयता न पोचणारी जागा. पुढच्या पावसाळ्यात कापाच्या कडेने सालीचा गोल ओठ चढलेला दिसला. तो सगळीकडून सारखा चढला होता, म्हणजे काप बरोबर जागी बसला होता.

बांडगुळाचं काम वेगळं. हापूसच्या बागेत बांडगूळ कुणाला चुकलेलं नाही. फुलटोच्या त्याची फळं खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि तिथे नवं बांडगूळ रुजतं. पाहिजे तितक्या वेळा पानं ओरबाडा, फांदीत शिरलेली गाठ तशीच राहते आणि ते पुन्हा फुटतं. फांदीच गाठीच्या खालून, चांगल्या लाकडात कापायला हवी, तेही बांडगुळाला फळं धरायच्या आत. अशा फांद्या नेमक्या शेंड्याकडे असतात. पूर्वी कुणाला तरी वर चढवावं लागे, आणि पावसाने शेवाळलेल्या कलमावरून घसरून पडलेली माणसं कोकणातल्या प्रत्येक गावात आहेत. लांब दांड्याची बॅटरीची करवत जमिनीवर उभं राहून हे करते. दांडा पूर्ण लांबवला की टोक जड लागतं, मान अवघडते, पण माणूस जमिनीवर असतो. माझ्या दृष्टीने या यंत्राचा याहून मोठा गुण नाही.

हत्यार हलकं झालं तसा ते धरणारा हातही बदलला. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस चाकरमानी, मुंबईला. मागे राहतात म्हातारी माणसं आणि बायका, आणि बागा आता मोठ्या प्रमाणावर नेपाळहून येणाऱ्या गड्यांवर चालतात. कोयत्याच्या दिवसांत बाई फक्त खाली पडलेलं गोळा करायची. कुठली फांदी काढायची हे तिला वर्षभर झाडाखाली वावरल्यामुळे पक्कं ठाऊक असलं तरी कापणार दुसराच, आणि तो त्याच्या मनाने कापणार. आता शेजारच्या काकी साठीच्या पुढे असून स्वतःच्या परसातली चिकूची, लिंबाची, खालच्या फांद्यांची छाटणी स्वतः करतात. आमचा नेपाळी गडी तर माझ्याहून बारकाईने कडं शोधतो. एकदा मी एका फांदीकडे बोट दाखवलं तर म्हणाला, “दीदी, ये नहीं. इसके ऊपर पूरा धूप का छाता है.” त्याचं बरोबर होतं. ती काढली असती तर खालचं जाड लाकूड एप्रिल-मेच्या उन्हात उघडं पडलं असतं आणि साल भाजून तडकली असती. पुन्हा भिरूडाला आमंत्रण.

या सोईतच धोकाही आहे आणि तो मी आल्या-गेल्याला सांगते. एका हातात मावणारी, आवाज न करणारी करवत खेळण्यासारखी वाटते. तिची साखळी मांसातून जाताना आवाजाचा विचार करत नाही. लहान यंत्रांना मोठ्या चेनसॉसारखा साखळीचा ब्रेक बहुधा नसतो. पट्टीचं टोक लाकडाला टेकलं तर ती झटक्याने उलटी येते. डाव्या हाताने फांदी धरून उजव्याने कापायचा मोह प्रत्येकाला होतो आणि जखमा तिथेच होतात. शिडीवर चढून नको, खांद्याच्या वर नको. साखळी ताणायची, साफ करायची तर आधी बॅटरी काढून बाजूला. लांब दांड्याच्या करवतीबद्दल तर आणखी एक: दांडा बहुधा धातूचा किंवा कार्बनचा असतो, त्यातून वीज जाते. आमच्या बागांतून महावितरणच्या तारा लोंबत गेलेल्या आहेत. तारेजवळची फांदी या करवतीने कधीही काढू नये, कितीही बारीक असली तरी.

घेताना लोक व्होल्ट विचारतात. लिथियमचा एक सेल 3.6 व्होल्टचा. पाच सेल म्हणजे 18, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर 21. तेव्हा 18, 20 आणि 21 व्होल्ट या पाट्या एकाच मालावर असतात. स्वस्त यंत्रांवर 48, 88 असे आकडे छापलेले दिसतात. आत पाचच सेल असतील तर आकडा नुसता रंगवलेला आहे. त्यापेक्षा साखळी आणि पट्टी तालुक्याला मिळते का, हे विचारावं. बोथट साखळीने काप जळतो, बॅटरी उतरते, माणूस जोर लावतो. भुसा पिठासारखा पडायला लागला की कानस फिरवायची. धारेच्या साखळीतून जाडसर कीस पडतो. तेल साखळीचंच घालावं. घरात आहे म्हणून खोबरेल घातलं तर डिसेंबरच्या सकाळी ते थिजून नळीत बसतं.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची जुन्या कलमांच्या पुनरुज्जीवनाची शिफारस पाऊस सरल्यावरची आहे, आणि कापाला बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. शायगो यांचं म्हणणं असं की लेप लावून कुज थांबत नाही. दोन्ही वाचून काही जण पेस्ट सोडून देतात. मी सोडत नाही. आमच्याकडे पाऊस चार महिने धरून असतो आणि भिरूड त्याच दिवसांत फिरतो. पेस्ट त्याच्यासाठी आणि वरच्या बुरशीसाठी. चुकीच्या जागी घातलेला काप मात्र तिने बरोबर होत नाही, एवढं गड्यांना समजावून सांगावं लागतं, कारण निळा रंग दिला म्हणजे काम झालं असं सगळ्यांनाच वाटतं.

करवत हातात आली म्हणून एकाच वर्षी झाड मोकळं करायला निघणारेही बघितले. एकदम अर्धा पाला गेला की आंबा घाबरल्यासारखा जिकडे तिकडे कोवळे फुटवे काढतो, झुडपासारखा माजतो आणि दोन-तीन वर्षं मोहोराचं नाव घेत नाही. पाव हिश्शापेक्षा जास्त पाला एका वर्षी काढू नये. आधी सुकं, मग बांडगूळ, मग घासणाऱ्या फांद्या, मग मधला उजेड. जुन्या खुंटांचा नंबर पहिल्याच वर्षी लावावा: मेलेलं लाकूड कड्यापर्यंत काढायचं, त्याभोवती चढलेल्या जिवंत ओठाला अजिबात न दुखवता.

कराराच्या बागांचं मला खरंच वाईट वाटतं. दोन-तीन हंगामांसाठी बाग घेणारा मोहोर आणणारं कल्टार हे औषध घालील, फवारण्या करील, फळ काढील. वीस वर्षांनी कुजणाऱ्या खुंटाशी त्याचा संबंध नाही आणि त्याला दोषही देता येत नाही. मालकाने करारात छाटणीचं कलम घालावं, आणि छाटणीच्या दिवसांत मुंबईहून स्वतः यावं. गणपतीला आणि शिमग्याला येतातच ना सगळे? दिवाळीच्या आगेमागे चार दिवस आणखी काढावेत.

या वर्षी आमची पाणंदीकडची ओळ घ्यायची आहे. तिथून तार जाते. वायरमनशी बोलणं झालंय, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो लाइन बंद करून देईल. तारेखालच्या फांद्या तो समोर उभा असतानाच आणि हातकरवतीने काढायच्या, बाकीच्या नंतर बॅटरीने. दुसऱ्या पॅकचा चार्जर तेवढा दुरुस्तीला टाकलाय, तो त्याआधी हातात यायला हवा.